थेंबाला काय विचारायचं?



आदिलाबादेत मराठीतून विज्ञानाचं अधिवेशन भरतं याचं पुण्या-मुंबईकडे कुणाला नवल वाटलं तर वाटू दे. इथं बसलेल्या कुणाला ते वाटायचं कारण नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. ते महाराष्ट्राच्या बाजूला गेले, हा जिल्हा आंध्रात आला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. एवढ्या उलथापालथीत इथल्या आंध आणि परधान कुटुंबांची मराठी टिकली, आणि गोंड, कोलाम कुटुंबांच्या सोयरिकीही पैनगंगा नदीच्या दोन्ही अंगांना होत राहिल्या. भाषणाची सुरुवात सोयरिकीपासून केली, कारण मी ज्या आजारावर बोलणार आहे तो आईबापांकडून मुलांकडे जातो. लग्नं जिथवर होतात तिथवर तो पोचलेला असतो.

अधिवेशनाचा विषय आहे नॅनो तंत्रज्ञानावर आधारलेले बायोसेन्सर आणि रोगनिदान. विषय मोठा आहे आणि त्यावर सगळीकडून थोडं थोडं बोलून वेळ काढणं सोपं आहे. ते मी टाळणार आहे. एकच आजार घेतो, सिकलसेल, आणि त्याला शोधणाऱ्या कागदी पट्टीबद्दल बोलतो. प्रयोगशाळेतल्या कल्पनेला आदिलाबादच्या उन्हात, पावसात आणि माणसांत आणून उभं केलं की तिचं काय होतं, हे पाहायला तेवढं पुरेसं आहे.

आजाराची गोष्ट इथल्या बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष रक्तपेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका पकडला. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलेलं असतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा. भारतात १९५२ मध्ये निलगिरीत हा दोष आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लॅन्सेटमध्ये छापला. नागपूर इथून सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे आपल्या दारातल्या आजाराची नोंद जगाच्या वैद्यकीय साहित्यात होऊन साठ वर्षांवर काळ लोटला आहे.

आता जरा थांबून पाहण्यासारखी गोष्ट. हिमोग्लोबिनचा एक रेणू साधारण ५ ते ६ नॅनोमीटरचा असतो. प्राणवायू कमी पडला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात. एकेक तंतू चौदा धाग्यांचा असतो आणि त्याची जाडी साधारण २० नॅनोमीटर भरते. हे तंतू सात-आठ हजार नॅनोमीटरच्या लवचीक पेशीला आतून ताठ करतात, पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि मूल रात्रभर हातपाय धरून रडतं. आपण नॅनो म्हटलं की महागडं यंत्र डोळ्यांपुढे आणतो. इथं आजारच मुळात नॅनोमीटरच्या मापाचा आहे, आणि त्याला पकडणारी वस्तूही त्याच मापाची असावी लागते.

ती वस्तू म्हणजे सोन्याचा कण. सोन्याचे वीस ते चाळीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले तर ते पिवळे दिसत नाहीत, माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये यावर व्याख्यान दिलं होतं. त्यांनी बनवलेल्या द्रावणाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. या कणाच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि हिरव्या बाजूचा प्रकाश गिळतात, म्हणून उरलेला लाल आपल्याला दिसतो. रंग इतका गडद की तो पाहायला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, नुसता डोळा पुरतो. सोनं गंजत नाही आणि प्रथिनं त्याला सहज चिकटतात. अशा कणांवर ठरावीक रोगखूण ओळखणारी अँटिबॉडी चिकटवली आणि ते कागदाच्या पट्टीवर सुकवले की झाला बायोसेन्सर. (सोन्याचं नाव निघताच समोरच्या रांगेत कुजबुज झाली, ती मी ऐकली. एका पट्टीत सोनं मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असतं. पट्ट्या साठवून मंगळसूत्र होणार नाही.)

ही पट्टी तुम्हाला परकी नाही. पावसाळ्यात ताप आला की आशाताई बोट टोचून मलेरियाची जी तपासणी करतात, तिथं हेच घडतं. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविसेल्फ या घरगुती चाचणीला आयसीएमआरने मान्यता दिली. २५० रुपयांची ती चाचणी, देशातली त्या प्रकारची पहिली. त्या वर्षी घरोघरी लोकांनी सी आणि टी या दोन अक्षरांसमोरच्या रेषांकडे श्वास रोखून पाहिलं. एक रेष म्हणजे सुटलो, दोन रेषा म्हणजे अडकलो, हे गणित त्या काळात शाळकरी पोरांनाही पाठ झालं.

सिकलसेलच्या बाबतीत मात्र ही सवय दगा देऊ शकते. ते का, हे सांगण्यासाठी आमच्या संशोधनक्षेत्राची एक खोड उघडी करावी लागेल.

बायोसेन्सरवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. त्यात एका आकड्याचा मोठा अभिमान मिरवलेला असतो, तो म्हणजे कमीत कमी किती पदार्थ आम्ही पकडू शकतो. नॅनोमोलर, पिकोमोलर, फेम्टोमोलर, खाली खाली उतरत जाण्याची शर्यतच लागलेली आहे. ग्राफीन, कार्बनच्या नळ्या, क्वांटम डॉट यांवरचा बराच पैसा या शर्यतीत खर्च होतो. काही आजारांत त्या शर्यतीला अर्थ आहे. क्षयरुग्णाच्या थुंकीत कधीकधी जंतू थोडे असतात, हृदयविकाराच्या झटक्यात सुरुवातीच्या तासांत ट्रोपोनिन अगदी कमी असतं. पण सिकलसेलमध्ये काय आहे? बोट टोचून घेतलेल्या ५ मायक्रोलिटरच्या थेंबात सुमारे अर्धा मिलिग्रॅम हिमोग्लोबिन असतं. वाहकाच्या, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या माणसाच्या, रक्तात त्यातला साधारण ३० ते ४० टक्के भाग सिकल हिमोग्लोबिनचा असतो. म्हणजे शोधायची वस्तू थेंबात खच्चून भरलेली आहे. तिथं फेम्टोमोलरचा काय उपयोग? इथला प्रश्न किती कमी पकडता येतं हा नाहीच. १४६ जागांतला एक फरक ओळखता येतो का, आणि वाहक व रुग्ण यांत चूक न होता भेद करता येतो का, एवढाच प्रश्न आहे.

थेंबात माल जास्त असण्याचीच उलट अडचण होते. नेहमीच्या पट्टीत रोगखूण दोन अँटिबॉडींच्या मधे पकडली जाते आणि रेष उमटते. रोगखूण प्रमाणाबाहेर असली तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंना धरून बसतात आणि रेष उलट फिकी पडते. यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे रक्त भरपूर पातळ करायचं. दुसरा म्हणजे पट्टीची रचनाच उलटी करायची. या उलट्या रचनेत पट्टीवर आधीच सिकल हिमोग्लोबिन बसवलेलं असतं आणि सोन्याचे कण घेऊन निघालेली अँटिबॉडी तिथं चिकटायला येते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन असलं तर अँटिबॉडीची जागा वाटेतच अडते, एसटीतल्या सीटवर खिडकीतून कुणी रुमाल टाकून ठेवावा तशी, आणि ती रेषेवर न थांबता पुढे निघून जाते. म्हणजे रेष उमटली तर सिकल हिमोग्लोबिन नाही, आणि रेष उमटली नाही तर आहे.

बाजारात दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या मिळतात. एकीत रेष म्हणजे होय, दुसरीत रेष म्हणजे नाही. कोविडने आणि मलेरियाने ज्या आशाताईचा डोळा ‘रेष म्हणजे आजार’ असा तयार केला, तिच्या हाती एका खरेदीत एक पट्टी आणि पुढच्या खरेदीत दुसरी दिली, आणि माहितीपत्रक इंग्रजीत बारीक टायपात असलं, तर चूक कुणाची? माझ्या मते चूक खरेदी करणाऱ्याची आणि पट्टी बनवणाऱ्याची, आशाताईची नाही. सेन्सरच्या अचूकतेत वाचणाऱ्याचा डोळाही मोजला पाहिजे. शोधनिबंधात तो मोजलेला मला फार क्वचित दिसतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. १७ राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. आपलं राज्य आणि शेजारचा महाराष्ट्र दोन्ही त्यात आहेत. सात कोटी हा आकडा पट्टीशिवाय गाठणं अशक्य आहे, यात वाद नाही. जुनी विद्राव्यता चाचणी स्वस्त असली तरी ती वाहक आणि रुग्ण वेगळे सांगू शकत नाही. हिमोग्लोबिन वेगळं करून मोजणारं एचपीएलसी यंत्र विश्वासाचं आहे, पण ते गाडीत घालून पाड्यावर नेता येत नाही.

तरीही पट्टीवर थांबता येत नाही. एक साधा हिशेब करू. समजा हजार लोक तपासले आणि त्यांत खरे रुग्ण १० आहेत. चाचणी शंभरातली नव्व्याण्णव वेळा बरोबर. तर उरलेल्या ९९० निरोगी किंवा वाहक माणसांतल्या सुमारे १० जणांवर ती चुकून रुग्णाचा शिक्का मारेल. म्हणजे जे वीस जण रुग्ण ठरले त्यांतले निम्मे रुग्ण नाहीत, आणि हे नव्व्याण्णव टक्के अचूक चाचणीत. शिवाय सिकलसोबत बीटा थॅलेसेमियाचा दोष असलेलं मूल पट्टीला नीट कळत नाही. दोन-तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असलं तर दात्याचं हिमोग्लोबिन रुग्णाला वाहक ठरवू शकतं. म्हणून पट्टीने ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांची दुसरी तपासणी झाल्याशिवाय कुणाच्याही हातात वाहक किंवा रुग्ण असल्याचं कार्ड देऊ नये. माझा यावर हट्ट आहे.

एका थेंबात सगळं सांगतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं, हे अमेरिकेने भरपूर किंमत मोजून शिकून घेतलं आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या थेरॅनोस कंपनीने बोटातल्या थेंबावर ढीगभर चाचण्या करण्याचं वचन दिलं. त्यांच्या रक्ताच्या चिमुकल्या कुपीचं नावच नॅनोटेनर होतं. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलचे जॉन कॅरीरू यांनी बिंग फोडलं आणि २०२२ मध्ये संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसाठी दोषी ठरल्या. त्या कंपनीचे वर्षानुवर्षं गोडवे गाणाऱ्यांत जाणती माणसं होती. स्वतंत्र प्रयोगशाळेत तुलना करून छापलेला पुरावा कुठे आहे, एवढं विचारणारे थोडेच निघाले.

या उलट एक चांगली गोष्ट आपल्याकडची. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक माइती हे शास्त्रज्ञ क्रिस्पर तंत्र वापरून जनुकातलं एकच अक्षर बदललेलं ओळखण्याचं काम करत होते, आणि ते सिकलसेलसाठी होतं. २०२० मध्ये कोरोना आला आणि तेच तंत्र त्यांनी विषाणूकडे वळवलं. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं नाव घेऊन आलेली फेलुदा चाचणी ती हीच, कागदी पट्टीवर वाचता येणारी. बहुतेकांना फेलुदा कोरोनामुळे माहीत आहे, आणि तिचा उगम आपल्या प्रश्नात आहे हे कुणी सांगत नाही. जनुक वाचणारी पट्टी रक्त चढवल्याने सहसा फसत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिला आधी डीएनएच्या प्रती वाढवाव्या लागतात, म्हणजे उपकरण आणि वीज आली. त्या बाबतीत गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट पाहण्यासारखं आहे. बॅटरीवर चालणारं, टेबलावर मावणारं पीसीआर यंत्र, ज्याला क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलं, म्हणून ते तिथवर पोचलं.

आदिलाबाद डोळ्यांसमोर ठेवलं तर काय दिसतं? मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. बहुतेक चाचण्यांच्या खोक्यांवर तीस नाहीतर चाळीस अंशांची मर्यादा छापलेली असते. जीपच्या टपावर दुपारभर राहिलेल्या खोक्यातल्या अँटिबॉडीची काय दशा होत असेल, हे सांगायला जीवरसायनशास्त्राची पदवी लागत नाही. सोन्याच्या कणाला काही होत नाही, त्याच्यावर बसलेलं प्रथिन मोडतं. मग सी अक्षरासमोरची, पट्टी धड आहे हे सांगणारी नियंत्रण रेषाच उमटली नाही तर निदान कळतं तरी. ती फिकी उमटली तर आपण पुढे जातो आणि चुकतो. पावसाळ्यात उलट तऱ्हा. पाकीट फोडून ठेवलं की कागद हवेतली ओल ओढतो आणि द्रव नीट चढत नाही. तेव्हा माझी कंपन्यांना आणि विद्यापीठांना विनंती आहे की पट्टीची परीक्षा वातानुकूलित खोलीत घ्या, आणि याच जिल्ह्यातल्या उटनूरच्या मे महिन्यातही घ्या. दुसऱ्या परीक्षेचे गुण पहिल्याच्या शेजारी छापा.

या जंगलात हा दोष टिकला कसा, तेही थोडं सांगायला हवं. १८९७ च्या २० ऑगस्टला आदिलाबाद तेव्हा ज्यात होतं त्या हैदराबाद संस्थानातल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की सिकलच्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. ज्या रानात मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या मुलं नेली, तिथं वाहक मुलं जास्त जगली आणि त्यांच्यामार्फत जनुक पुढे आलं. हे गावात सांगायला हवं, आणि ठणकावून सांगायला हवं, कारण वाहक असणं म्हणजे घराण्याला लागलेला डाग, अशी समजूत पसरते आहे. वाहक माणूस आजारी नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता मूल आजारी निघण्याची असते, एवढाच प्रश्न आहे. पण कार्ड हातात पडलं की सोयरीक मोडते, आणि ती मोडल्याचा बोभाटा मुलाचा होत नाही, मुलीचा होतो. मग पुढच्या घरी पोरीची आई बोट टोचू देत नाही. सेन्सरने कितीही अचूक उत्तर दिलं तरी त्या घरापुरतं ते शून्य.

महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत जाऊन कित्येक वर्षं सिकलसेलचं काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळातच हा आजार शोधला, आणि पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं की लोकांना तेव्हा त्याची निकड वाटत नव्हती. हे वाक्य बायोसेन्सरच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अर्जावर छापायला हवं. लोकांना निकड वाटते ती दुखण्याची. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित मिळाली आणि पोराच्या वेदनांचे झटके कमी झाले, की शेजारचं घर आपण होऊन बोट पुढे करतं. म्हणून माझी मागणी अशी आहे की ज्या गावात पट्ट्या जातील त्या गावासाठी गोळ्यांचा साठा आधी पोचलेला असावा, आणि निकालाचा कागद तेलुगू व मराठीत असावा, तर गोंडी, कोलामीत समजावून सांगणारा माणूस बरोबर असावा. तो माणूस गावातलाच हवा.

शेवटी तरुण संशोधकांसाठी एक न सुटलेली गोष्ट. मघाशी मी म्हटलं की थेंबात माल भरपूर आहे. एका जागी ते खरं नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन गर्भातलं असतं, सिकल किंवा सामान्य हिमोग्लोबिन थोडं, आणि दोन्हींतला फरक तेवढ्यात ओळखायचा असतो. पट्टीवरची फिकी रेष तिथं सगळ्यांत जास्त घोटाळा करते. आणि निदान सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं ते तिथंच. १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं की अशा लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग खूप कमी होतात. म्हणजे बाळ आजारी पडण्याआधी ओळखलं तर करण्यासारखं बरंच काही आहे. तुमचं फेम्टोमोलर, तुमचं ग्राफीन इथं आणा. टाचेतून घेतलेला एक थेंब, बाळंतपणाच्या खोलीत, विजेशिवाय, पंधरा मिनिटांत, आणि रेष अशी की नर्सबाईला कुणाला विचारावं लागू नये. इथल्या रिम्स रुग्णालयात आणि आसपासच्या आरोग्य केंद्रांत बाळंतपणं रोज होतात, त्यामुळे अशा सेन्सरची खरी परीक्षा घ्यायला आदिलाबादहून लांब जायची गरज नाही. मागितली तर त्या परीक्षेची आखणी करून द्यायला मी तयार आहे. पहिल्या सत्राचे वक्ते केव्हाचे थांबले आहेत, म्हणून इथंच थांबतो.